व्हिज्युअल कम्युनिकेशनमध्ये मास्टर्स करायचंय? मग आधी प्रश्न शोधा

विचारलंय ते थोडक्यात असं: पाच-सहा वर्षं ब्रँडिंग आणि ॲपच्या स्क्रीन करून झाल्या, आता व्हिज्युअल कम्युनिकेशन डिझाइनमध्ये, म्हणजे अक्षर, चित्र आणि मांडणीतून माहिती पोचवण्याच्या डिझाइनमध्ये, मास्टर्स करावंसं वाटतंय, पण कुठल्याही कोर्सची माहिती उघडली की जिथे तिथे 'डिझाइन रिसर्च' दिसतं, तर त्यात नक्की करायचं काय असतं, पोर्टफोलिओ कसा लावायचा आणि चालू नोकरी सोडावी इतकं ते मोलाचं आहे का. मी बरीच वर्षं मास्टर्सचे थिसिस गाईड करतेय, ॲडमिशनच्या फाइलीही वाचते, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी स्पष्टच सांगते. टायपोग्राफी सुधारायला, मोशन म्हणजे हलती ग्राफिक्स शिकायला, नवीन सॉफ्टवेअर हाताखालून घालायला मास्टर्सला जाऊ नका. ते सगळं नोकरीत राहून, एखाद्या छोट्या कोर्सने किंवा चांगल्या सिनियरच्या हाताखाली होतं आणि बहुतेक वेळा जास्त चांगलं होतं. मास्टर्समध्ये जे मिळतं ते म्हणजे एकाच प्रश्नावर दीड-दोन वर्षं ठाण मांडून बसायची मुभा, आणि तोही असा प्रश्न जो कुठलाच क्लायंट पैसे देऊन विचारणार नाही. क्लायंट म्हणतो माहितीपत्रक करून द्या. ते लोक वाचतात का, वाचून त्यांना काय कळतं, कळत नसेल तर अक्षर बारीक आहे म्हणून की मजकुराचा क्रम उलटा आहे म्हणून की मुळात कागदी पत्रक हे माध्यमच तिथे चालणारं नाही, हे शोधायला त्याच्याकडे वेळ नसतो आणि तुमच्याकडेही नसतो, डेडलाइन डोक्यावर असते. म्हणून माझ्या मते अर्ज भरायच्या आधीचं खरं काम एकच, आपला प्रश्न शोधणं. कॉलेज कुठलं, गाईड कोण, पोर्टफोलिओत काय ठेवायचं, हे सगळं त्याच्या मागून येतं आणि प्रश्न पक्का असेल तर बरंचसं आपोआप ठरतं.

डिग्र्यांबद्दल पटकन सांगून टाकते. अमेरिकेत एमएफए, म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, साधारण दोन ते तीन वर्षांचं असतं आणि तिथे ती त्या क्षेत्रातली शेवटची डिग्री धरतात, म्हणजे तिच्या जोरावर युनिव्हर्सिटीत शिकवायला अर्ज करता येतो. एमडेसमध्ये, म्हणजे मास्टर ऑफ डिझाइनमध्ये, भर बऱ्याचदा रिसर्च, सर्व्हिस, सिस्टिम अशा गोष्टींवर असतो. ब्रिटनमधलं एमए बहुतेक वर्षभराचं, त्यामुळे तिथे जायचं तर प्रश्न बऱ्यापैकी तयार करूनच जावं, नाहीतर अर्धं वर्ष तो शोधण्यातच जातं आणि मग घाईघाईत काहीतरी उरकावं लागतं. पण नावावर भिस्त ठेवू नका, एकाच नावाच्या दोन कोर्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, एकात निव्वळ स्टुडिओत बसून बनवण्याचं काम असतं आणि दुसऱ्यात पहिल्या आठवड्यापासून मुलाखती घ्यायला पाठवतात. खात्री करायची तर त्या विभागाचे जुने थिसिस काढून वाचा, खूप युनिव्हर्सिटी ते ऑनलाइन खुले ठेवतात. चार थिसिसच्या प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचले की तिथे काय चालतं ते माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

आता मुख्य मुद्दा, डिझाइन रिसर्च म्हणजे काय. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये एका छोट्या लेखात तीन प्रकार मांडले, आजही सगळीकडे तेच आधाराला घेतात. पहिला प्रकार म्हणजे डिझाइनविषयी रिसर्च, त्याचा इतिहास, त्याची मीमांसा. दुसरा म्हणजे डिझाइन करत करत, करण्यातूनच केलेला रिसर्च. आणि तिसरा डिझाइनसाठी केलेला, ज्याचं फळ शेवटी त्या वस्तूतच उतरतं. नोकरीतून येणाऱ्या माणसाला तिसरा ओळखीचा असतो, आपण प्रोजेक्टच्या सुरुवातीला जे संदर्भ गोळा करतो, स्पर्धकांचं काम बघतो, दोन-चार युजरशी बोलतो ते. मास्टर्समध्ये खरी मेहनत असते दुसऱ्या प्रकाराची, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याचेच आहेत, कारण लोकांना वाटतं की आपण काहीतरी बनवलं आणि प्रोसेस बुकमध्ये, म्हणजे काम कसं घडलं ते दाखवणाऱ्या वहीत, स्केच लावले की झाला रिसर्च. तसं होत नाही. बनवलेली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी प्रश्नाला दिलेलं तात्पुरतं उत्तर असायला हवी आणि ती लोकांसमोर ठेवल्यावर तुम्हाला आधी माहीत नसलेलं काहीतरी कळायला हवं, आणि तेही असं लिहून ठेवता यायला हवं की तुमच्या प्रोजेक्टशी काही संबंध नसलेला दुसरा डिझायनर ते उचलून वापरू शकेल. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. कंपनीतला युएक्स रिसर्च, म्हणजे वापरणाऱ्यांच्या अनुभवाचा अभ्यास, टीमला दोन आठवड्यांत निर्णय घ्यायला मदत करतो, निर्णय झाला की त्याचं काम संपतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मास्टर्सच्या रिसर्चचा उपयोग मात्र तुमच्या टीमबाहेरच्या, तुम्ही कधी न भेटलेल्या माणसाला व्हायला हवा.

यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी डेबोरा ॲडलर या डिझायनरचं उदाहरण देते. न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये तिचा मास्टर्सचा थिसिस होता औषधाच्या बाटलीवर. तिच्या आजीने चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या होत्या, घरात दोघांच्या बाटल्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या. आता इथे बहुतेक जण थेट सुंदर बाटली काढायला बसले असते. तिने आधी जुनं लेबल ओळीओळीने फोडून पाहिलं. सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं काय होतं, तर दुकानाचं नाव. औषधाचं नाव, घ्यायचं कसं, कुणाचं आहे, हे सगळं खाली एकाच आकारात दाटीवाटीने. त्यात बाटली गोल, म्हणजे पूर्ण मजकूर वाचायचा तर ती हातात फिरवत बसायचं. यातून तिने लेबलची उतरंड ठरवली, आडवी रेघ मारली, रेघेच्या वर औषधाचं नाव, मात्रा आणि घ्यायची सूचना, बाकीचं सगळं खाली. मजकूर एका नजरेत यावा म्हणून बाटलीला सपाट बाजू. २००५ मध्ये टार्गेट या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीने ते क्लिअर-आरएक्स नावाने आपल्या औषध दुकानांत आणलं, तोपर्यंत औद्योगिक डिझायनर क्लाउस रोझबर्गबरोबर त्याचा आकार बदलत बदलत उलटी, झाकणावर उभी राहणारी बाटली झाली होती आणि घरातल्या प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचं कडं आलं होतं.

हे यशाची गोष्ट म्हणून नाही सांगत. यात बघायचं ते असं की उद्या टार्गेटने बाटली बंद केली तरी थिसिसमधलं ज्ञान शिल्लक राहतं, की घरी औषध घेताना माणूस कुठली माहिती आधी शोधतो आणि लेबल कुणाच्या सोयीने लावलेलं असतं. आणि झालंही तसंच, २०१५ मध्ये सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीने टार्गेटची औषध दुकानं विकत घेतली आणि ती बाटली मागे पडली, लोकांनी तक्रारी केल्या. मला विचाराल तर दुसऱ्या कुणाचा मास्टर्सचा थिसिस तिथूनच सुरू व्हायला हवा, की पुराव्यानिशी चांगलं ठरलेलं डिझाइन एखाद्या व्यवस्थेत टिकत का नाही, आणि टिकावं म्हणून डिझायनरने बाटलीबरोबर अजून काय काय डिझाइन करायला हवं.

प्रश्न बारीक कसा करायचा ते आता एका जवळच्या उदाहरणाने सांगते, कारण इथेच सगळे अडकतात. माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली ती 'हॉस्पिटलमधलं साइनेज सुधारायचंय' असं म्हणत, साइनेज म्हणजे वाट दाखवणारे बोर्ड. हा विषय झाला, प्रश्न नाही. मी तिला सांगितलं की एकही बोर्ड काढू नकोस, आधी परवानगी घेऊन लिफ्टच्या बाहेर उभी राहा आणि लोक काय करतात ते नुसतं लिहून काढ. तिच्या वहीत एकच गोष्ट परत परत यायला लागली. लिफ्टचं दार उघडलं की माणूस दोन पावलं पुढे येऊन थांबतो आणि बोर्डकडे बघायच्या आधी हातातल्या कागदाकडे बघतो, अपॉइंटमेंटच्या स्लिपकडे. त्या स्लिपवर सगळ्यात मोठा बारकोड, मग पेशंटचा नंबर, आणि खोलीचा नंबर उजव्या कोपऱ्यात सगळ्यात बारीक अक्षरात. तो सापडेपर्यंत मागून येणाऱ्यांचा धक्का लागतो, माणूस बाजूला सरकतो, आणि सरकला की बोर्ड त्याच्या पाठीमागे जातो. म्हणजे बोर्डमध्ये फार दोष नव्हताच, वाट चुकायला सुरुवात स्लिप छापतानाच होत होती. मग तिचा प्रश्न असा झाला की हातातला कागद आणि भिंतीवरचा बोर्ड यांच्यातली माहिती कुठल्या क्रमाने वाटली तर माणूस थांबलेल्या जागेवरूनच पुढची दिशा ठरवू शकेल. बघा, या प्रश्नात कोण, कुठे, कुठल्या क्षणी, हे सगळं आहे, आणि उत्तर चूक निघायची शक्यताही आहे. ती शक्यता नसेल तर तो रिसर्चचा प्रश्नच नाही असं खुशाल समजा. पुढे तिने स्लिपचे तीन नमुने केले, एकात खोलीचा नंबर वर मोठा, एकात मजल्याचा रंग आणि बाणाची दिशा, एकात लिफ्टमधून निघाल्यावर दिसणाऱ्या जागेचं छोटं रेखाचित्र. मला आणि तिला दोघींनाही रेखाचित्रच आवडलं होतं आणि लोकांनी नेमकं त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं, घाईत असलेला माणूस चित्र लावून बघत बसत नाही. हे जेव्हा तिने थिसिसमध्ये न लपवता लिहिलं तेव्हा तो थिसिस उभा राहिला.

तर पद्धतींबद्दल. निरीक्षण, मुलाखती, नमुने करून चाचणी, हे तर झालंच. याशिवाय १९९९ मध्ये गेव्हर, डन आणि पाचेंती या डिझाइन संशोधकांनी कल्चरल प्रोब्स मांडले, म्हणजे लोकांना पोस्टकार्ड, कॅमेरा, नकाशे असं किट घरी द्यायचं आणि ते त्यांच्या मनाने भरून परत पाठवतील ते अर्थ लावत वाचायचं, त्यातून मोजमाप निघत नाही पण माणसांचं जगणं दिसतं आणि सुरुवातीला कल्पना सुचायला त्याचा फार उपयोग होतो. दुसऱ्या टोकाला क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांचं १९८४ चं काम बघा, माणूस आलेखातून आकडे किती अचूक ओळखतो हे त्यांनी प्रयोग करून तपासलं आणि एकाच मोजपट्टीवरच्या जागेची तुलना, जशी स्तंभालेखात करतो, आपल्याला कोनापेक्षा किंवा क्षेत्रफळापेक्षा चांगली जमते हे दाखवलं. डेटा व्हिज्युअलायझेशनमध्ये काही करायचं असेल तर हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. मधला रस्ता हवा असेल तर युरोपात औषधाबरोबरच्या पत्रकांची चाचणी कशी करतात ते अभ्यासा. ज्यांना ते औषध लागू शकतं अशा लोकांच्या हातात पत्रक द्यायचं, 'एक गोळी घ्यायची राहिली तर काय कराल' असे प्रश्न विचारायचे, त्यांनी उत्तर आधी पत्रकात शोधायचं आणि मग स्वतःच्या शब्दांत सांगायचं. वीस जणांची चाचणी असेल तर प्रत्येक प्रश्नाला किमान सोळा जणांचं उत्तर बरोबर यावं लागतं. मला ही पद्धत आवडते कारण ती सापडणं आणि कळणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरते. सापडलं नाही तर दोष मांडणीचा, सापडून कळलं नाही तर दोष भाषेचा, आणि डिझायनरला दोन्हीची जबाबदारी घ्यावी लागते.

कुठली पद्धत 'भारी' असं काही नसतं, प्रश्नाला जी लागू पडेल ती. जर्नी मॅप, पर्सोना, अ‍ॅफिनिटी डायग्राम अशी युजर समजून घ्यायची सगळी तयार तंत्रं एकाच थिसिसमध्ये कोंबलेली मी बघते आणि खरंच वाईट वाटतं, कारण एवढ्या कष्टात एकच गोष्ट खोलात करता आली असती. जुन्या कागदपत्रांवर आधारलेला अभ्यासही व्हिज्युअल कम्युनिकेशनमध्ये तितकाच दमदार होऊ शकतो. २००० सालच्या अमेरिकेतल्या निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका घ्या. मत भोक पाडून द्यायचं, उमेदवारांची नावं समोरासमोरच्या दोन पानांवर आणि भोकं मधल्या एकाच रांगेत. डाव्या पानावर गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं, दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्यूकॅनन यांचं, म्हणजे गोर यांना द्यायचं मत चुकून ब्यूकॅनन यांना जाऊ शकत होतं. फ्लोरिडात गोर हरले ते फक्त ५३७ मतांच्या फरकाने. यात निवडणूक अधिकाऱ्यांचा हेतू चांगला होता, अक्षर मोठं ठेवता यावं म्हणून नावं दोन पानांत विभागली होती. एका चांगल्या निर्णयाने दुसरीकडे काय बिघडवलं हे शोधून काढणं, त्यासाठी नियम, छपाईच्या मर्यादा, मतमोजणीचे आकडे एकत्र वाचणं, हा पूर्ण ताकदीचा डिझाइन रिसर्च आहे आणि त्यात एकही नवीन पोस्टर करावं लागत नाही.

एक काम मात्र बहुतेक जण उशिरा करतात, एथिक्सची परवानगी. माणसांवर अभ्यास करायचा तर युनिव्हर्सिटीच्या समितीकडून मंजुरी लागते, त्यात पेशंट, लहान मुलं असे लोक असतील तर जास्तच वेळ जातो, आठवडेच्या आठवडे. त्यामुळे पहिल्या सेमिस्टरलाच तो फॉर्म हातात घ्या. संमतीपत्रक स्वतः नीट डिझाइन करा, तेही व्हिज्युअल कम्युनिकेशनच आहे आणि समोरचा माणूस ते वाचून खरंच समजतोय का हे तपासा. आणि मुलाखतींची रेकॉर्डिंग कुठल्याही एआय टूलमध्ये टाकून ट्रान्सक्रिप्ट काढायच्या आधी संमतीत ते लिहिलेलं आहे का ते बघा, लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी असतात त्या.

पोर्टफोलिओ. बारा चकचकीत प्रोजेक्ट लावण्यापेक्षा तीन-चार लावा पण आतून उघडून दाखवा. मी फाइल बघते तेव्हा शोधत असते ती जागा जिथे या माणसाने समोर आलेला ब्रीफ, म्हणजे क्लायंटची मागणी, तसाच न स्वीकारता काहीतरी तपासलं, त्यामुळे काहीतरी बदललं, आणि ते का बदललं हे दोन साध्या वाक्यांत सांगता आलं. मॉकअपमधले, म्हणजे सजवलेल्या नमुना चित्रांतले, फोन आणि टेबलावरचे लेटरहेड बघून मला काहीच कळत नाही. नोकरीतलं काम गोपनीय असेल तर रेखाटून, नावं झाकून विचार दाखवता येतो. टीममध्ये केलेलं काम असेल तर त्यात तुमचा भाग कुठला ते लिहाच, तिथे संदिग्ध राहिलं की शंका येते. अर्जाबरोबर जे स्टेटमेंट लिहून द्यायचं असतं त्यात लहानपणीची चित्रकलेची आवड, पुरस्कार, युनिव्हर्सिटीची स्तुती यांवर जागा घालवू नका. कामात कुठली गोष्ट वारंवार खटकली, ती समजून घ्यायला तुम्ही आत्तापर्यंत काय केलं, कुठे अडलं आणि या विभागातल्या कुणाच्या कामामुळे तुम्हाला वाटतं की इथे पुढे जाता येईल, एवढं आलं तरी पुष्कळ. प्रश्न पुढे बदलणार हे आम्हाला माहीत असतं, बदलतोच, पण प्रश्न घेऊन आलेला माणूस आणि प्रश्न मिळेल या आशेने आलेला माणूस यांत पहिल्या महिन्यातच फरक दिसतो.

गाईड निवडताना विभागाच्या नावापेक्षा माणसाचं अलीकडचं काम बघा. 'व्हिजिबल लँग्वेज' हे जर्नल १९६७ पासून निघतं, 'डिझाइन स्टडीज' आणि 'इन्फर्मेशन डिझाइन जर्नल' १९७९ पासून, त्यांचे जुने-नवे अंक चाळले की कोण कशावर काम करतंय ते कळतं. माहिती डिझाइन आणि टायपोग्राफीचा इतिहास यात रस असेल तर इंग्लंडमधल्या रेडिंग युनिव्हर्सिटीचा विभाग बघाच, ऑटो आणि मारी नॉयराथ यांच्या आयसोटाइपचा, म्हणजे आकडेवारी साध्या चित्रचिन्हांतून दाखवायच्या पद्धतीचा, संग्रह तिथे आहे. आकडेवारी आणि तज्ज्ञांची माहिती समजून घेऊन सामान्य माणसाला कळेल अशा चित्रात बसवणं हे मारी नॉयराथ यांचं काम, असं काम करणाऱ्याला ते ट्रान्सफॉर्मर म्हणायचे. त्यांचे कच्चे आराखडे बघितले की आपल्या क्षेत्रात विचार कुठे होतो ते डोळ्यांना दिसतं. सध्याच्या विद्यार्थ्यांना मेल टाकून विचारा की गाईड किती दिवसांनी भेटतात, लिखाण वाचून देतात का, आणि टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्यात मदत करायचं काम, मिळाली तर फी किती माफ होते. फंडिंगची गोष्ट लाजून मागे ठेवू नका, कर्जाच्या ओझ्याखाली असलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी रिसर्च सोडून फ्रीलान्सच्या मागे धावतो हे मी डोळ्यांनी बघते आणि त्यात त्याची काही चूक नसते.

आता नोकरी सोडावी का. तुम्हाला शिकवायचं असेल, सार्वजनिक सेवा, आरोग्य, शिक्षण अशा ठिकाणी काम करायचं असेल जिथे निर्णयामागे पुरावा मागतात, किंवा पुढे पीएचडीचा विचार असेल, तर हो, मास्टर्स करा. फक्त पगार वाढावा किंवा पद वाढावं म्हणून करत असाल तर मी नको म्हणेन, ते कंपनी बदलून जास्त लवकर होतं. आणि अजून ठरत नसेल तर अर्ज भरायच्या आधी नोकरीत राहूनच एक छोटा अभ्यास करून बघा. तुम्ही स्वतः केलेली एखादी स्क्रीन किंवा फॉर्म घ्या, तो खरोखर वापरणाऱ्या चार-पाच जणांकडे जा, त्यांना तो भरायला सांगा आणि स्वतः मदत न करता नुसते बघत बसा, कुठे थांबले, काय परत वाचलं, काय मोठ्याने म्हणाले ते टिपून घ्या. मग एक पान लिहा, काय वाटलं होतं, काय दिसलं, आणि आता कुठला प्रश्न उरलाय. ते पान डिझाइनशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. हे सगळं करताना वेळ कसा गेला कळलं नाही आणि उरलेल्या प्रश्नाने डोक्यात घर केलं, तर तेच पान स्टेटमेंटचा पहिला मसुदा म्हणून वापरा. लिहिताना कंटाळा आला, कधी एकदा परत डिझाइन करायला बसतोय असं झालं, तर नोकरीतच राहा, तिथेही उत्तम काम होतं.